बोडीत पाणी आहे

दसरा होऊन गेला की आमच्याकडे धानाचा रंग फिरायला लागतो. एकदम नाही फिरत. उंचावरच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, आधी पिवळ्या पडतात, तलावाखालच्या ओलीतल्या बांध्या अजून हिरव्यागार असतात, आणि मधल्यांचं काय चाललंय ते त्यांनाही ठाऊक नसावं. आमच्या कुडव्याहून बिरसीला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना हेच दिसतं. लहानपणापासून मी या रस्त्यानं जाते आहे, पण थांबून कधी पाहिलं नव्हतं. धानाकडे काय पाहायचं? ते असतंच. यंदा मात्र स्कूटी कडेला लावून उभी राहते. हा पिवळा नेमका कोणता, असं स्वतःला विचारते. मग मागून एखादा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतो आणि मी चोरी पकडली गेल्यासारखी पुढे निघते.

गंमत म्हणजे रंग हाच माझा धंदा आहे. फुलचूरला फ्लेक्स छापायच्या दुकानात मी डिझाइन करते. वाढदिवस, बारसं, निवडणूक, तेरवी, नव्या हार्डवेअरच्या दुकानाचं उद्घाटन, सगळं माझ्या हाताखालून जातं. गिऱ्हाईक खुर्ची ओढून शेजारी बसतं आणि थेट स्क्रीनला बोट लावतं. "मॅडम, भैया का नाम लाल करो. नाही, लाल नको, उठून नाही राहिलं. पिवळं करा. पिवळ्याले निळी बॉर्डर मारा. आता थोडा चमकाओ." नाव चमकतं. मग खालच्या शुभेच्छुकांची नावंही चमकवावी लागतात, नाहीतर गावात रुसवेफुगवे. एकानं तर आपल्या नावातलं प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगाचं करून मागितलं होतं. मी दिलं. नाही म्हणायला मला कोणी ठेवलेलं नाही. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमच्या दुकानाची सुगी. त्या दिवसांत घरी येते तेव्हा डोळे मिटले तरी आत शेंदरी आणि निळं नाचत असतं. चहासुद्धा पांढऱ्या कपात घ्यावासा वाटतो.

म्हणूनच 'शिवार' मला आवडायचं.

शिवार म्हणजे आमचा खेळ. फोनवरच खेळायचा, पण त्यात चित्र नाही, गाणं नाही, नुसती अक्षरं. आपण लिहायचं, 'उत्तरेला जा', आणि पडद्यावर उमटायचं, 'तुम्ही देवळामागच्या आमराईत आला आहात. इथे दोघं बसले आहेत.' ते दोघं म्हणजे आपल्यासारखीच खरी माणसं, कोणी तिरोड्याला, कोणी नागपूरला, कोणी पार हैदराबादेत आपापल्या फोनपुढे बसलेली. त्यांच्याशी बोलायचं, भांडायचं, बैलांचा सौदा करायचा, तलावाची पाळ फुटली तर सगळ्यांनी मिळून बांधायची. माझ्याबरोबर तंत्रनिकेतनात शिकलेल्या अमोलनं हैदराबादच्या नोकरीतल्या रिकामपणी तो बनवला आणि हळूहळू इकडची तिकडची माणसं जमत गेली. गाव असंच वाढलं, कारण नियम होता की ज्यानं त्यानं आपली जागा स्वतः लिहायची. घर, विहीर, पानठेला, काहीही. तुम्ही चार ओळी लिहिल्या की ती जागा गावात उभी राहायची आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव यायचं.

आणि अमोलनं हौसेनं रंगांची सोय करून ठेवली होती. शब्दाच्या आधी कंसात रंगाचं नाव टाकायचं, की तो शब्द वाचणाऱ्याला त्या रंगात दिसायचा. कंसातली खूण मात्र दिसायची नाही, ती आतल्या आत राहायची. रंगांची नावंही त्यानं आपलीच ठेवली होती, पोपटी, शेंदरी, राखी, मेंदी, आमसुली. झालं. आमच्या लोकांच्या हातात रंग दिले की काय होतं ते मी दुकानात पाहतच होते. माणसं 'राम राम' म्हणायची तर अक्षराअक्षराला रंग बदलून. कोणी भांडलं की लाल, कोणी लाडात आलं की गुलाबी. एका बहाद्दरानं आपल्या पानठेल्याचं वर्णन असं रंगवलं होतं, की ते वाचताना मला आपण घरी आहोत की दुकानात तेच कळेना. पहिल्याच आठवड्यात मी माझ्यापुरते रंग बंद करून टाकले. ज्याला नको त्यानं आपल्या पडद्यावर बंद करावेत, अशी सोय होती. काळ्यावर करडी अक्षरं. डोळ्यांना थंड वाटलं. तेव्हापासून शिवारात मी जे काही वाचलं ते करड्या अक्षरांतच वाचलं.

खेमूदादाला शिवारात मी आणलं. खेमूदादा माझ्या मोठ्या बाबांचा, म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, बिरसीला असतो. काचबिंदूनं त्याची नजर कडेकडेनं खात आणली आणि पस्तिशीच्या आसपास सगळीच गेली. शेती सुनंदावहिनी पाहते. दादा गोठ्याचं बघतो, दूध काढतो, हाताच्या अंदाजानं कडबा-पेंड करतो, आणि दुपारी छपरीत खाट टाकून बसतो. वरून गावाजवळच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं घिरट्या घालत असतात. दादा नुसत्या आवाजावरून सांगतो, "हा पोट्टा नवा हाय. भेवून भेवून उतरून राह्यला." त्याच्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारी एक बाई आहे. वहिनी तिला सवत म्हणते. "माही सवत दिवसभर बोलून राह्यते, मले तं तोंड उघडाची सोय नाही." चित्रांच्या खेळांचा दादाला काय उपयोग, पण शिवार सगळं अक्षरांचं. ती बाई वाचेल, हा ऐकेल. हे मला सुचलं म्हणून मी स्वतःवर किती खूश होते!

दादा तिथं रमला. आमराईत बसून लोकांना गुरांच्या फऱ्यापासून पोटफुगीपर्यंत उपाय सांगायचा. बैलांच्या सौद्यात त्याला कोणी फसवू शकत नसे. आणि मग त्यानं आपली जागा लिहिली. गावाच्या पार शेवटाला, जिथं काही मिळत नाही, काही घडत नाही, म्हणून कोणी फिरकत नाही, तिथं एक बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचा शेतापुरता लहान तलाव. आमच्या पणज्या-खापरपणज्यांना तलाव बांधायचं वेडच होतं, जागा दिसली की पाळ घालायची. दादाच्या शेताला लागूनही अशी एक बोडी आहे. तिचीच त्यानं शिवारात जागा केली होती. त्यानं लिहिलेलं मला पाठ आहे, कारण पाठ करायला त्यात फारसं काही नव्हतं.

'बोडीत पाणी आहे. पाण्यावर आभाळ आहे. पाळीवर गवत आहे. पलीकडे धान आहे. धुऱ्यावर तुरी आहेत. बाई उभी आहे.'

एवढंच. धुरा म्हणजे शेताचा बांध. मी खूप हसले होते. बिरसीला गेल्यावर त्याला म्हटलं, "दादा, हा काय तलाठ्याचा पंचनामा आहे का? जरा वर्णन कर ना. पाणी कसं, आभाळ कसं."

"हाये ना वर्नन."

"कुठं आहे?"

"वाच ना बरोबर," तो म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

मी तिथंच फोन काढून पुन्हा वाचलं. पाणी आहे. आभाळ आहे. मला वाटलं, बिचारा, दिसतच नाही तर लिहिणार कुठून. त्याला तसं बोलून दाखवलं नाही, पण मनात म्हटलं. पुढे मी जे काही केलं ते या 'बिचाऱ्या'च्याच जोरावर केलं.

मागच्या वर्षीचे हेच दिवस. दुकानात बॅनरांचा खच पडलेला. रविवारी बिरसीला गेले तर दादा छपरीत, फोन कानाशी. आतली बाई बोलत होती, "कंस सुरू, शेंदरी, कंस बंद, रा. कंस सुरू, पोपटी, कंस बंद, म." मला काही क्षण कळेचना. मग कळलं, की कोणीतरी शिवारात रंगीत राम राम केला आहे आणि लपून राहायच्या त्या खुणा ही बाई दादाला मोठ्यानं वाचून दाखवते आहे. एका राम रामसाठी एवढं ऐकायचं?

"दादा, तुला रोज हे असं ऐकावं लागतं?"

"मंग का झालं?"

"त्रास नाही होत?"

"सवय झाली," तो म्हणाला.

सवय झाली म्हणजे त्रास होतो, असा मी अर्थ लावला. मला तोच हवा होता. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा मात्र मला खरोखर भरून आलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

शिवारात एक चावडी होती. रविवारी संध्याकाळी सगळे तिथं जमत आणि गावाचे नियम ठरत. त्या रंगांविरुद्ध मी तिथं आधीही बोलले होते. कोणी ऐकलं नव्हतं, उलट 'ताई, तुम्ही फार सीरियस' असं गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं म्हणे. त्या रविवारी मी लिहिलं, 'आपल्यात एक जण असा आहे ज्याला डोळ्यांनी दिसत नाही. तुमच्या एकेका राम रामसाठी त्याला किती कचरा ऐकावा लागतो, याचा कधी विचार केलाय? माझ्यासाठी नको. खेमूदादासाठी रंग बंद करा.' मग एकेक जण बोलू लागला. 'खेमूभाऊ, माफ करा.' 'लक्षातच नाही आलं.' 'ताई, बरं झालं बोललात.' पानठेलेवाला बहाद्दरसुद्धा साध्या अक्षरांत माफी मागून गेला. दादा तिथं होता. त्यानं लिहिलं, 'माझ्यासाठी कायले?'

मी ताबडतोब लिहिलं, 'दादा, तू संकोच करू नको.'

थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं, 'ठीक आहे.'

अमोलनं विचारलं, जुन्या जागांच्या वर्णनांत ज्या खुणा आहेत त्यांचं काय करू? मी म्हटलं, सगळ्या काढून टाक. तो म्हणाला, एक जुनी प्रत ठेवतो मग. मी म्हटलं, कचऱ्याची प्रत ठेवून काय करायचंय? त्या संध्याकाळी मला इतकं हलकं वाटलं होतं! स्वतःच्या हातानं चहा करून प्यायले, नवऱ्यालाही दिला, आणि त्याला सगळी हकिकत सांगितली. जे इतकी वर्षं माझ्या डोक्यात जात होतं ते खेमूदादाच्या नावावर मी एका बैठकीत बंद करून घेतलं होतं. असं मी तेव्हा मनाशीही म्हटलं नाही. तेव्हा वाटलं, चांगलं काम झालं.

मग कापणी लागली. कापणीच्या दिवसांत सकाळी शिवारभर एक वास असतो, कापलेल्या धानाचा, दवाचा आणि विळ्याच्या लोखंडाचा मिळून. कापून पसरलेल्या धानाच्या कडप्यांवरून चाललं की पायांखाली करकर वाजतं. भुसा मानेत जातो, ओढणीत जातो, तिसऱ्या दिवशी अंघोळीतही निघतो. मजूर मिळेनात म्हणून मीही दुकानातून सुटी काढून बिरसीला गेले होते. वहिनी बांधीत वाकली की मध्ये सरळ व्हायचं नावच घेत नाही. मी दर पाच धांड्यांनी कंबर धरून उभी. "शहराची झाली तू," ती म्हणायची, आणि माझ्या पातीतलंही कापून टाकायची.

दादा त्या दिवसांत फोनवरच्या शिवारात दिसत नव्हता. कामाचे दिवस आहेत, असं मी समजून चालले. दुपारी धुऱ्यावर बसून डबा खाताना वहिनीनंच विषय काढला.

"माया, तुह्या त्या खेळाले का झालं वो?"

"काऊन?"

"ते आता बसतच नाहीत फोन घेऊन. आधी तं सकाऊन उठले का लावत. ते सवत रंग बोले ना, पिवरा, पोपटी, राखी... मी म्हणो, हे कायले ऐकून राह्यले बाप्पा? तं म्हणत, सुनंदा, मी रंग विसरून राह्यलो. ऐकलं का जरासा येते डोळ्यापुढं."

माझ्या हातातला घास हातात राहिला. "पण वहिनी, त्याला त्रास होत होता ना?"

"कायचा त्रास? त्यायनंच तं तुह्या त्या अमोलले फोन करून लावून घेतलं होतं. बाकीच्याइले लपते म्हणे, मले नको लपवू, मले बोलून दाखव. बोडीचं तं रोज लावत. पाठ झालं मले. आता नुसतं पानी हाये, आभार हाये म्हणते अन् चूप होते. एकडाव ऐकलं त्यायनं, मंग नाही लावलं."

वहिनीला ते पाठ होतं म्हणून मी घाईनं विचारलं, पाण्याचा रंग कोणता होता? तिनं आठवून पाहिलं. राखी होता म्हणाली, मग म्हणाली राखी आभाळाचा असेल, मग हसून म्हणाली, पिकापाण्याच्या धांदलीत त्या सवतीचं कोण ध्यान देऊन ऐकतो. पाठ झालं होतं ते एवढंच, की सकाळी घरात रंग बोलले जात.

जेवण उरकून ती पुन्हा बांधीत उतरली. मी धुऱ्यावर बसून राहिले. पाणी आहे, आभाळ आहे, गवत आहे, धान आहे. सहा कोरडी वाक्यं, आणि प्रत्येकाच्या आत त्यानं एकेक रंग ठेवला होता. विसरण्याच्या आधी, आठवून आठवून, हा नाही तो, असं करत. वर्णन तेच होतं. बाकीचे लोक रंग उधळत होते तेव्हा सगळ्या शिवारात त्यानं एकट्यानंच ते कामासाठी वापरले होते, आणि मी त्याच्याच नावानं ते पुसून घेतले. 'वाच ना बरोबर,' असं तो म्हणाला होता. मला रडू आलं, पण मानेत भुसा होता आणि वहिनी पाहत होती, म्हणून तोंड धुतलं.

मी अमोलला त्याच दिवशी फोन केला. रंगांची सोय त्यानं लगेच परत चालू केली. जुन्या खुणा मात्र गेल्या होत्या. "तूच म्हणालीस, मला वाटलं खेमूभाऊंचंच मन बदललं," तो म्हणाला. मी म्हटलं, हो. चावडीवर विचारलं, खेमूदादाच्या बोडीवर कोणी गेलं होतं का, रंग आठवतात का. कोणी गेलंच नव्हतं. एकानं लिहिलं, 'पाणी होतं ना, मग निळंच असेल.' आणि आणखी एक झालं. सोय परत आली तरी कोणी रंग वापरेना. मी म्हटलं, वापरा. त्यांनी साध्या करड्या अक्षरांत लिहिलं, 'नको ताई, खेमूभाऊंना त्रास होतो.' इतकी समजूतदार माणसं मी आयुष्यात पाहिलेली नाहीत, आणि ती तशी झाली ती माझ्यामुळे.

दादाला मी जाऊन सगळं सांगितलं. तो चिडला नाही. "तुले का माहीत," म्हणाला. परत टाकू या रंग म्हटलं, तर "पाहू" म्हणाला. कापणी झाली, भाऱ्यांचे पुंजणे रचले, मळणीचं चुरणं झालं, उन्हाळा गेला, रोवणी झाली. मी आठवण करून द्यायची, तो "पाहू" म्हणायचा. एकदा मात्र बोलला. म्हणाला, रंग सगळे एकदम जात नाहीत. नाव राहते. "पोपटी म्हटलं का नाव येते. पन दार वाजवावं अन् घरात कोनी नसावं, तसं होते." मग दुधाची वेळ झाली आणि तो काठी घेऊन उठला.

त्या वर्षात मी दुकानात काय केलं ते सांगते. एका गिऱ्हाइकानं भैयाच्या नावाला पिवळा रंग मागितला. मी विचारलं, "कोणता पिवळा?" तो म्हणाला, "पिवळा म्हणजे पिवळा, मॅडम, उसमें क्या?" मी त्याला एकामागून एक पिवळे दाखवत बसले. मालक आतून बाहेर येऊन पाहून गेला.

परवा, धान फिरलं म्हणून, मी पुन्हा बिरसीला गेले. मनात असं होतं की याच दिवसांतली बोडी त्यानं लिहिली होती, हेच दिवस, हाच वास. इथं बसवलं तर आठवेल. संध्याकाळी त्याला हाताला धरून पाळीवर नेलं. तसं धरायची गरज नसते, पाळ त्याच्या पायांची आहे, उलट मीच घसरले. आम्ही गवतावर बसलो. पलीकडच्या बांधीत वहिनी तुरीच्या कडेनं काहीतरी उपटत होती. मी त्याच्या फोनमध्ये शिवार उघडलं आणि बोडीवर गेले.

"दादा, चल. तू सांग, मी खुणा टाकते. पाण्याला कोणता दिला होतास?"

तो विचार करू लागला. मान किंचित वर, वरून चाललेल्या विमानाकडे कान. विमान एक चक्कर मारून गेलं.

"राखी," तो म्हणाला. मग, "नाही. राखीत काही तरी होतं. दोन दिले होते मी पान्याले." बोटानं गवत चाचपलं. "त्या दिवशी मी ढोरं पाजाले आनली होती. तव्हा कडेचं दिसे नाही, मधातलंच दिसे. पन साजरं दिसलं होतं त्या दिवशी. मंग कधी तसं नाही दिसलं."

"आणि बाई? ती वहिनी ना? तिच्या साडीला कोणता होता?"

"होता ना." तो थांबला. "दिला होता एक."

मी वहिनीला हाक मारून विचारलं. ती बांधीतूनच ओरडली, "मले का माहीत, कोनत्या दिवसाची गोष्ट लिहली त्यायनं!"

दादा हसला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला आणि माझ्याकडे वळला. "अगं, पन तू तं आली होती ना बोडीवर. किती डाव आली. पंचनामा म्हणे मले. तुले तं सारंच दिसलं असन. सांग ना, कोनते होते?"

मी काहीही सांगू शकले असते. राखीत शेंदरी, म्हणाले असते. साडी आमसुली होती, म्हणाले असते. त्यानं विश्वास ठेवला असता, मी टाकलं असतं, फोनमधली बाई रोज सकाळी बोलली असती, आणि पुढे तेच खरं झालं असतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. रंगांची नावं मला कमी नाहीत.

"दादा, मी माझ्या फोनवर रंग बंद ठेवले होते," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

त्यानं गवताची एक काडी उपटली.

"दुकानातून आलं की डोळे दुखायचे, म्हणून."

"म्हंजे तुले दिसलंच नाही."

"नाही."

"मी म्हणो," तो सावकाश म्हणाला, "माया एवढी रंगाची मानूस. मी एवढं जमवून लिहलं, तं हे काही बोलत काऊन नाही."

मी त्याचा हात धरला. त्यानं काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही. वहिनी बांधीतून वर आली आणि घराकडे गेली. समोर दिवस बुडत होता. मला वाटलं त्याला घरी जायचं असेल, पण तो बसून होता.

"आता कसं हाय पानी?" त्यानं विचारलं.

मी पाहिलं. नीट पाहिलं. "मधे राखी आहे," मी म्हटलं, "पण नुसता राखी नाही. आपल्या बाजूला जरा तांबूस येतो आहे. तिकडे पाळीच्या सावलीत काळं म्हणता येत नाही, मेंदी म्हणता येईल. आणि हे बदलतंय, दादा, मी बोलते आहे तोवर बदलतंय."

"अन् धान?"

"वरची बांधी पिवळी. खालची पोपटी. मधली सांगता येत नाही."

"लिही मंग."

मी लिहायला लागले. पाणी, आभाळ, गवत, धान, तुरी. एकेका शब्दाआधी थांबून, वर पाहून, खूण टाकत. त्याचीच वाक्यं ठेवली, फक्त 'बाई उभी आहे' काढलं, कारण बाई घरी गेली होती. शेवटी लिहिणाऱ्याच्या नावाची जागा आली. तिथं 'खेमराज' असं आधीपासून होतंच. मी ते तसंच राहू दिलं आणि म्हटलं, "झालं दादा."

"खाली कोनाचं नाव हाय?"

"तुझंच. जागा तुझी आहे."

"मंग ते काहाड," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुले जे दिसलं ते तुह्या नावानं लिही. माह्या नावानं नको."

मी त्याचं नाव काढलं. माझं टाकलं. मग त्यानं हात पुढे केला, मी त्याच्या हातात त्याचा फोन दिला, आणि त्यानं ती वाचणारी बाई लावली. ती तिच्या सपाट आवाजात वाचू लागली, कंस सुरू, राखी, कंस बंद, कंस सुरू, तांबूस, कंस बंद, पाणी. दादा मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होता, माझ्या नावापर्यंत. मग, दुसऱ्याच्या शेतातलं पीक पाहून आपण म्हणतो तसं, तो म्हणाला, "चांगलं हाय."